भार पाठीवर घ्यावा! – विमानातील उलट्या आसनांची गोष्ट

(बेट्टदपुर, जिल्हा म्हैसूर येथे भरलेल्या रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात साधारणपणे वेतन, महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा आणि खासगीकरण या विषयांवर बोलले जाते. ते विषय आहेतच आणि उद्याच्या सत्रात ते येणारही आहेत. पण संयोजकांनी आम्हांला सुरक्षिततेवर बोला असे सांगितले, आणि काय बोलावे याचा विचार आम्ही करीत असतानाच विषय आपण होऊन आमच्या पुढ्यात, खरे म्हणजे आमच्या मांडीवर, येऊन पडला. तो कसा ते आधी सांगतो.

आपणांपैकी बहुतेक जण म्हैसूरपर्यंत रेल्वेने आलात. बेट्टदपुरला रेल्वे नाही. त्यामुळे पुढचा प्रवास हुणसूरवरून रस्त्याने करावा लागतो. आम्ही आठ जणांनी मिळून एक जुनी ओमनी गाडी ठरविली. या आठ आसनी ओमनीत मधले बाकडे मागे तोंड करून असते आणि शेवटचे बाकडे पुढे तोंड करून. म्हणजे मधले आणि मागचे प्रवासी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मधल्या बाकावर कोणी बसायला तयार होईना. "उलटं बसलं की मळमळतं" असे एक जण म्हणाले. दुसरे म्हणाले, "रस्ता दिसल्याशिवाय प्रवास कसला?" शेवटी वयाने लहान होते त्यांना उलटे बसविले आणि आम्ही ज्येष्ठ मंडळी सन्मानाने मागच्या बाकावर सुलटे बसलो.

हुणसूर मागे पडले. दोन्ही बाजूंना तंबाखूची शेते आणि तंबाखू भाजण्याच्या कोठ्या दिसू लागल्या. तेवढ्यात एक गाय रस्त्यात आली आणि चालकाने करकचून ब्रेक दाबला. गाय वाचली. गाडीही वाचली. पण आम्ही सन्मानाने बसलेले ज्येष्ठ तिघे थेट समोरच्या तरुणांच्या अंगावर जाऊन आदळलो. एकाचा चष्मा गेला, एकाच्या कपाळाला खोक पडली. उलटे बसलेल्या तिघांचे काय झाले? गाडी थांबली तेव्हा ते फक्त आपापल्या पाठीच्या आधाराला जास्त जोरात टेकले. त्यांना जे काही लागले ते ब्रेकमुळे नव्हे, आमच्यामुळे लागले! फक्त त्यांतल्या एका उंच मुलाची मान मागे हिसकली, कारण त्या बाकाची पाठ त्याच्या खांद्यापर्यंतच होती. ही मानेची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती कामाला येणार आहे.

तर आजचा विषय हा, की वाहन अचानक थांबते तेव्हा माणसाचे तोंड कोणत्या दिशेला असावे? हा प्रश्न विमानाच्या क्षेत्रात गेली पंचाहत्तर-ऐंशी वर्षे विचारला जात आहे. उत्तरही माहीत आहे. तरीही आपण विमानात बसतो तेव्हा आसने पुढे तोंड करूनच असतात. असे का, हे समजून घेणे कामगार म्हणून आपल्याला उपयोगाचे आहे.

मेल व्हॅनमधला धडा

आर.एम.एस.मध्ये काम केलेल्या मंडळींना हे शास्त्र नव्याने शिकवायला नको. गाडीच्या डब्यात टपालाच्या थैल्या रचताना जड थैली कुठे ठेवायची? मध्ये मोकळी उभी ठेवली आणि गाडीला झटका बसला, तर ती घसरत जाऊन माणसाच्या पायावर येते. तीच थैली पुढच्या भिंतीला टेकवून ठेवली, तर झटका बसल्यावर ती भिंतीवर दाबली जाते आणि तिथेच राहते. थैली तीच, वजन तेच, झटकाही तोच. फरक इतकाच की तिला आधीपासून आधार मिळालेला असतो.

माणसाचेही तसेच आहे. वाहन थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याला थांबविणारे काहीतरी लागते. पुढे तोंड करून बसलेल्याला कंबरेचा पट्टा थांबवितो, म्हणजे सगळा भार तीन-चार बोटे रुंदीच्या एका पट्टीवर येतो. कंबर थांबते, पण छाती आणि डोके पुढे झेपावते, शरीर चाकूसारखे मिटते आणि कपाळ समोरच्या आसनावर आपटते. मागे तोंड करून बसलेल्याला मात्र आसनाची पूर्ण पाठ थांबविते. नितंबापासून डोक्यापर्यंत सगळ्या शरीराला एकाच वेळी आधार मिळतो. भार तेवढाच असतो, पण तो मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो.

भार किती असतो त्याचा अंदाज घेऊ. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी आणीबाणीच्या ब्रेकने साधारण अर्ध्या किलोमीटरात थांबली, तर आपल्या अंगावर आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी जोर येतो. उभा माणूस थोडा डगमगतो, एवढेच. पण ताशी ५० किलोमीटरने जाणारी मोटार भिंतीवर आदळून पाऊण मीटरच्या आत थांबली, तर अंगावर वजनाच्या सुमारे पंधरापट जोर येतो. म्हणजे ६० किलोचा माणूस त्या क्षणापुरता ९०० किलोचा होतो. मांडीवरचे दहा किलोचे मूल दीडशे किलोचे होते. ते कोणत्याही आईच्या हातात राहणे शक्य नाही. दोष आईचा नसतो, बळाचे गणितच तसे आहे.

ज्याने स्वतःच्या अंगावर प्रयोग केले

हे नुसते कागदावरचे गणित नाही. अमेरिकेच्या हवाई दलात जॉन पॉल स्टॅप नावाचे एक डॉक्टर अधिकारी होते. माणूस किती झटका सहन करू शकतो हे शोधण्यासाठी त्यांनी रुळांवर धावणारी अग्निबाणाची गाडी वापरली. तिच्यावर माणूस बांधायचा, प्रचंड वेग द्यायचा आणि एकदम थांबवायचे. डिसेंबर १९४७ मध्ये ते स्वतः त्या गाडीवर बसले. आणि पहिल्या फेरीत कसे बसले? मागे तोंड करून. पुढे त्यांनी सुलटे बसूनही फेऱ्या केल्या. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर ते ताशी हजार किलोमीटरच्या पुढे गेले आणि १.४ सेकंदात थांबले. त्या वेळी त्यांच्या शरीरावर वजनाच्या ४६ पटींहून जास्त जोर आला होता. ते जगले, पण डोळ्यांत रक्त उतरून काही काळ त्यांना दिसेनासे झाले. त्याच तळावर मे १९५८ मध्ये कॅप्टन बीडिंग नावाचे अधिकारी मागे तोंड करून बसले होते. त्यांच्या छातीवरच्या उपकरणाने क्षणमात्र ८० पटींहून जास्त जोर नोंदविला. त्यांना धक्का बसला, रुग्णालयात न्यावे लागले, पण तेही बरे होऊन बाहेर आले.

याच प्रयोगांच्या काळात, १९४९ साली, एक गंमत घडली. जोर मोजणारी उपकरणे उलटी जोडली गेली आणि एका फेरीची मोजणी वाया गेली. ती उपकरणे आणणारे अभियंते कॅप्टन एडवर्ड मर्फी. जिथे चूक होऊ शकते तिथे ती कधीतरी होणारच, हा त्यांच्या नावाने जगभर प्रसिद्ध झालेला नियम तिथून निघाला. लोक तो विनोद म्हणून सांगतात. पण स्टॅप यांच्या चमूने तो कामाचा नियम म्हणून घेतला. माणूस चुकणारच नाही असे धरून यंत्र बनवू नका. तो चुकेल असे धरून बनवा आणि चुकला तरी माणसे मरणार नाहीत अशी रचना करा.

बंधूंनो, अपघातानंतर पहिल्या तासात 'मानवी चूक' असे निवेदन निघते आणि पॉइंट्समन, स्टेशन मास्तर किंवा लोको पायलट निलंबित होतो, हे आपण आयुष्यभर पाहत आलो आहोत. म्हणून मर्फीचा हा नियम आपल्या प्रत्येक शाखेच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे.

सैनिकाला मिळाले, प्रवाशाला नाही

आता हे ज्ञान कोणी वापरले ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या हवाई दलाने आपल्या सैनिकवाहू विमानांत मागे तोंड असलेली आसने बसविली. हेस्टिंग्ज, कॉमेट, ब्रिटानिया या विमानांत ती होती. १९६६ मध्ये सेवेत आलेल्या व्हीसी-१० या विमानातही होती. ते विमान सप्टेंबर २०१३ पर्यंत उडत होते. अमेरिकेच्या प्रचंड सी-५ गॅलक्सी विमानात वरच्या मजल्यावर सैनिकांचा कक्ष असतो, तिथली आसनेही मागे तोंड करून असतात.

एप्रिल १९७५ मध्ये व्हिएतनाममधून अनाथ मुलांना घेऊन निघालेले असे एक विमान सायगावजवळ कोसळले. खालच्या मालकक्षातील बहुतेक जण मेले आणि वरच्या कक्षातील बहुतेक जण वाचले. मात्र हे केवळ आसनांमुळे झाले असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण खालचा मजला चिरडला गेला होता आणि वरचा शाबूत होता. सभेत टाळ्या मिळतात म्हणून पुराव्यापेक्षा जास्त बोलू नये.

त्याहून स्वच्छ उदाहरण नौदलाचे आहे. विमानवाहू जहाजावर माणसे आणि टपाल पोचविण्यासाठी अमेरिकी नौदलाने सी-२ ग्रेहाउंड नावाचे छोटे विमान वापरले. जहाजाची धावपट्टी आखूड. विमानाचा आकडा दोरीत अडकतो आणि शंभरएक मीटरच्या आत, तीन-एक सेकंदांत विमान थांबते. म्हणजे त्या विमानाचे प्रत्येक उतरणे हा एक छोटा अपघातच. मग त्यातल्या प्रवाशांना कसे बसविले? सगळ्यांना मागे तोंड करून! अपघात रोजचाच आहे हे ज्यांना मान्य करावे लागले, त्यांनी आसन फिरविले. ज्यांच्या लेखी तो क्वचित होणारा, त्यांनी फिरविले नाही.

नागरी विमानांत प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. ब्रिटनच्या ट्रायडेंट विमानात काही ओळी उलट्या होत्या. पण त्या टिकल्या नाहीत. आणि सैन्यातही चित्र बदलले. व्हीसी-१०च्या जागी ब्रिटनने जे विमान घेतले ते नागरी प्रवासी विमानावर बेतलेले आहे. त्यात आसनेही नेहमीसारखी पुढे तोंड करून आली. तयार माल स्वस्त पडतो, हे त्यामागचे अर्थशास्त्र आपल्याला परिचित आहे.

विरोधकांचे म्हणणेही ऐकू या

वाटाघाटीला बसण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे नीट समजून घ्यावे, हा आपल्या चळवळीचा जुना धडा आहे. उलट्या आसनांविरुद्ध चार मुद्दे मांडले जातात आणि चारही पोकळ नाहीत.

पहिला मुद्दा वजनाचा. सुलट्या आसनात भार कंबरेच्या पट्ट्यातून, म्हणजे खालून, जमिनीकडे जातो. उलट्या आसनात तो पाठीच्या वरच्या भागावर येतो. लांब दांड्याच्या पहारीने दगड लवकर उचकटतो, तसे हे आसन जमिनीतून उपटले जाण्याचा धोका वाढतो. त्यासाठी पाठ, पाय आणि विमानाची जमीन, तिन्ही भक्कम करावी लागतात. भक्कम म्हणजे जड, आणि जड म्हणजे जास्त इंधन.

दुसरा मुद्दा उड्डाणाचा. विमान नाक वर करून चढते तेव्हा उलटा बसलेला प्रवासी पुढे कलून पट्ट्यावर लोंबल्यासारखा होतो. ते सुखाचे नसते.

तिसरा मुद्दा सुट्या सामानाचा. झटका बसला की मागून पुढे उडत येणारी बॅग किंवा बाटली सुलट्या प्रवाशाच्या पाठीमागून येते. उलट्या प्रवाशाच्या ती तोंडावर येते. आमच्या ओमनीत तर आम्हीच ते सुटे सामान होतो!

चौथा मुद्दा आवडीचा. प्रवाशाला पुढे पाहायला आवडते आणि विमान कंपनीला प्रवासी दुखवायचा नसतो. शिवाय आसन अपघातासाठी फिरविले आहे, असे तिकिटाबरोबर सांगायचे तरी कसे? अपघाताची आठवण करून देणारी जाहिरात कोणी करीत नाही.

आवड हा मुद्दा रेल्वेवाल्यांनाही माहीत आहे. मुंबईच्या लोकलमध्ये वाऱ्याकडच्या खिडकीसाठी फलाटावर काय चालते ते आपण पाहतोच. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी धावू लागलेल्या वंदे भारतच्या एक्झिक्युटिव्ह वर्गात पूर्ण फिरणारी आसने दिली गेली. जून २०२१ मध्ये मुंबई-पुणे डेक्कन एक्स्प्रेसला जोडलेल्या व्हिस्टाडोम डब्यातही ती आहेत. फिरविण्याची सोय सुरक्षिततेसाठी नव्हे, पुढचा देखावा दिसावा म्हणून आहे.

पण आवडीचा मुद्दा अंतिम नाही, याचा पुरावा विमान कंपन्यांनीच दिला. २००० साली ब्रिटिश एअरवेजने महागड्या वर्गात सपाट पलंग होणारी आसने आणली आणि जागा वाचविण्यासाठी त्यांतली निम्मी उलटी बसविली. गरीब प्रवाशाला जे आवडणार नाही असे सांगितले जात होते, ते श्रीमंत प्रवाशाने अनेक पट पैसे देऊन घेतले, आणि वर्षानुवर्षे घेतले. पलंग मिळत असेल तर दिशा चालते. मग प्राण वाचत असतील तर का चालू नये, हा प्रश्न उरतोच.

आसन न फिरविता काय केले

८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थ गावाजवळ एक बोइंग ७३७ विमान धावपट्टीपाशी पोचता पोचता महामार्गाच्या बांधावर आदळले. १२६ जणांपैकी ४७ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकांनी बिघडलेल्या इंजिनाऐवजी चांगले इंजिन बंद केले होते. त्यांना नोकरी गमवावी लागली. पण तपास तेवढ्यावर थांबला नाही. नव्या धर्तीच्या विमानावर वैमानिकांना पुरेसे शिक्षण मिळाले होते का, उपकरणे वाचायला सोपी होती का, हेही विचारले गेले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आतल्या माणसांना नेमके कशाने लागले, याचा डॉक्टर आणि अभियंत्यांनी मिळून एकेका आसनानुसार अभ्यास केला. किती जणांचे पाय मोडले, डोके कुठे आपटले, जमीन कुठे फाटली हे सगळे पाहिले. त्यातून अपघाताच्या वेळी कसे वाकून बसावे याची सूचना सुधारली. छातीला आवरणारा पट्टा आणि मागे तोंड असलेली आसने यांवर संशोधन करावे, असेही तपास अहवालाने सुचविले.

दरम्यान अमेरिकेने दुसरा रस्ता धरला. पूर्वी आसन वजनाच्या ९ पट जोर सहन करील एवढेच पाहिले जाई. १९८८ मध्ये नव्या रचनेच्या विमानांसाठी १६ पट जोराची, तीही प्रत्यक्ष झटका देऊन घ्यायची चाचणी आली. ऑक्टोबर २००९ पासून कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नव्या प्रवासी विमानांना ती लागू झाली. म्हणजे आसन फिरविले नाही, पण भक्कम केले. नियम आणि त्याची पूर्ण अंमलबजावणी यांच्यात २१ वर्षे गेली, हे मात्र नोंदवून ठेवा. सुरक्षिततेची मागणी मान्य होणे आणि ती पदरात पडणे या दोन वेगळ्या लढाया असतात.

आपल्याकडची दोन उदाहरणे पाहू. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला. तो '११ ए' या आसनावर होता. मग त्या आसन क्रमांकाची चर्चा घरोघर झाली. पण अशा अपघातात आसनाचा क्रमांक किंवा दिशा यांवरून काही सिद्ध होत नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला मात्र निराळे घडले. विमान पावसात धावपट्टीच्या पुढे घसरून खाली पडले आणि तुटले. कॅप्टन दीपक साठे, हवाई दलातून आलेले आपले मराठी वैमानिक, आणि त्यांचे सहवैमानिक यांच्यासह २१ जण गेले. पण विमानात १९० जण होते, म्हणजे बहुतेक वाचले. आसन, पट्टा, जमीन आणि बाहेर पडण्याची वाट यांचा कस लागतो तो अशाच अपघातांत. अपघात म्हणजे सगळे संपलेच, ही समजूत सुरक्षिततेची सर्वांत मोठी शत्रू आहे.

कामगाराचे आसन

आता एक गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. विमानात पुढच्या दरवाजापाशी हवाई सेविका घडीच्या आसनावर बसतात. त्यांचे तोंड कुणीकडे असते? प्रवाशांकडे, म्हणजे मागे! पाठ भिंतीला, डोक्यामागे गादी आणि खांद्यावरून दोन पट्टे. प्रवाशाला कंबरेचा एकच पट्टा आणि कामगाराला खांद्याचेही, हे कसे? कारण नियम करणाऱ्यांनी मान्य केले, की अपघातानंतर दरवाजा उघडून दीडशे माणसांना बाहेर काढणारा कामगार शुद्धीवर असला पाहिजे. कामगाराची सुरक्षितता ही प्रवाशांचीच सुरक्षितता आहे, हे आपण वर्षानुवर्षे सांगतो. विमानाच्या त्या घडीच्या आसनात ते लोखंडात उतरले आहे.

हेच माप आपल्या कामाच्या जागांना लावा. मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमधल्या गार्डला जानेवारी २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' हे भारदस्त नाव मिळाले. नाव बदलले, आसन बदलले का? लांब मालगाडीच्या शेपटाला बसणारा झटका किती असतो, ते त्यांनाच विचारा. इंजिनातल्या लोको पायलटच्या आसनाला, टपालाच्या मोटारीत थैल्यांबरोबर बसणाऱ्या कामगाराला, रुळावरच्या ट्रॉलीवर बसणाऱ्या गँगमनला आधार कशाचा आहे? थैलीला भिंतीचा आधार देणारे आम्ही, आमच्या पाठीला कोणाचा आधार आहे?

इथे कोणी म्हणेल, मग रेल्वेतही सगळ्यांना उलटे बसवा. तसे नाही. विमान एकाच दिशेने जाते. गाडी मात्र कल्याणला जाताना एका तोंडाने जाते आणि परतताना दुसऱ्या. जाताना सुलटे असलेले आसन येताना उलटे होते. शिवाय टक्कर पुढून होते तशी मागूनही होते. म्हणून रेल्वेत उपाय वेगळा. डबे एकमेकांवर चढू नयेत अशी जोडणी, मजबूत सांगाडा, घट्ट बसविलेली बाके, टोकदार कडा नसलेल्या वस्तू आणि वरच्या फळीवर नीट बांधलेले सामान. एल.एच.बी. डबे याच विचाराचे आहेत. नियम एकच, उपाय मात्र कामाच्या जागेप्रमाणे.

आणि ती मानेची गोष्ट. आमच्या ओमनीतला तो मुलगा उलटा बसला होता, पण पाठ आखूड म्हणून त्याची मान हिसकली. नुसते आसन फिरविले म्हणजे काम झाले असे नाही. उंच पाठ, डोक्याला आधार आणि भक्कम पाया हे सगळे मिळून सुरक्षितता होते. अर्धवट मान्य झालेल्या मागणीचे असेच होते.

घरी जाताना

शेवटी घरी घेऊन जाण्यासारख्या दोन गोष्टी सांगतो. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात अंतराळवीरांचे आसन पाहिले. अंतराळवीर परतताना येणारा जोर पाठीवर घेतात. १९८४ साली आपले राकेश शर्मा अंतराळातून परतले आणि जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला परतले, तेव्हा दोघेही असेच पाठीवर भार घेऊन आले. आल्डमन यांनी तोच विचार लहान मुलांना लावला आणि मोटारीत मागे तोंड करून बसवायचे बाळांचे आसन बनविले. बाळाचे डोके मोठे आणि मान कोवळी असते, म्हणून त्याला याची गरज सर्वांत जास्त. आपल्या नातवंडांना मोटारीतून नेताना मांडीवर घेऊन पुढे बसू नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना पट्ट्याने किंवा बालआसनात सुरक्षित बसविणे कायद्यानेही सक्तीचे आहे.

दुसरी गोष्ट मागच्या आसनाची. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मागे बसलेल्या या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता असे पोलिसांनी सांगितले. मोटार उत्तम होती. बळाचा नियम मोटारीची किंमत पाहत नाही, आणि मागे बसलो म्हणून सूटही देत नाही. आम्ही ज्येष्ठांनी ते काल स्वतःच्या कपाळावर अनुभवले आहे.

आणि संघटनेसाठी एकच ठराव सुचवितो. यापुढे कोणताही अपघात झाला, की आपल्या सुरक्षा समितीने 'कोण चुकले?' या प्रश्नाबरोबर आणखी तीन प्रश्न लेखी विचारावेत. माणसाला नेमके कशाने लागले? तिथे आधार का नव्हता? आणि तो देण्याचा खर्च कोणी, कधी नाकारला? केगवर्थला पहिले दोन प्रश्न विचारले गेले म्हणून जगभरच्या प्रवाशांना कसे बसावे हे कळले. तिसरा प्रश्न विचारणे हे आपले काम आहे, कारण तो दुसरे कोणी विचारणार नाही.

येथील डोंगरावर मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे. त्याला 'सिडिलु मल्लिकार्जुन' म्हणतात. सिडिलु म्हणजे कोसळणारी वीज. वीज कुठे पडेल ते आपल्या हाती नाही, पण उंच इमारतीवर तांब्याची पट्टी लावणे आपल्या हाती आहे. अपघाताचेही तसेच आहे. तो केव्हा येईल ते सांगता येत नाही, पण तो येईल तेव्हा आपली पाठ कशाला टेकलेली असेल, हे आधीच ठरविता येते.

परतीच्या प्रवासात त्या ओमनीतले उलटे बाकडे कोणाला द्यायचे यावर आज सकाळपासून ज्येष्ठांमध्ये वाद सुरू झाला आहे. तो वाद मिटविण्यासाठी आम्हांला आता जाणे भाग आहे, म्हणून इथेच थांबतो.